म्हातारी गेलीच पाहिजे!

"हा रिमेक मी बंद पाडून दाखवते की नाही, बघाच तुम्ही!"

रविवारी सकाळी कणकेनं माखलेला हात उगारून मंजुषा निकमनं ही प्रतिज्ञा केली, तेव्हा ती ऐकायला समोर फक्त तिचा नवरा होता. शिवराज वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रविवार असूनही ओव्हरटाइमला निघाला होता आणि एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता.

"बंद पाड की," तो कॉटखालून म्हणाला. "पण माझा बूट कुठाय?"

"तुम्हाला बुटाचं पडलंय! तिकडं एका चांगल्या मालिकेचा दिवसाढवळ्या खून होतोय!"

"बस चुकेल गं माझी!"

बूट सापडला, शिवराज गेला. मंजुषाचा संताप मात्र घरातच राहिला.

बजाजनगरच्या त्या गल्लीत गॅसचा सिलिंडर कधी येणार हे कुणीही सांगेल, पण कोरियाबद्दल बोलायचा अधिकार एकट्या मंजुषाचा. तिनं इतक्या कोरियन मालिका पाहिल्या होत्या की त्यांचा हिशेब आता तिलाच लागत नव्हता. सगळ्या हिंदीत डब केलेल्या, कानात इअरफोन खुपसून, पोळ्या लाटता लाटता पाहिलेल्या. जन्मात ती पुण्याच्या पलीकडं गेली नव्हती, पण सोल शहरातल्या गल्ल्यांबद्दल अशी बोलायची, जणू रोज तिथूनच कोथिंबीर आणते! पंधरा-वीस मैत्रिणी जमवून तिनं मोबाइलवर 'आपलं कोरिया' नावाचा ग्रुप काढला होता, आणि तिथं ती म्हणेल तो कायदा.

तिची सगळ्यात लाडकी मालिका एका सूपच्या दुकानाची. दुकान एका म्हातारीचं. चौथ्या भागात ती म्हातारी दुकान सुनेच्या नावावर करते आणि झोपेतच शांतपणे जाते. मग बर्फ पडतं. सून एकटीच सूप ढवळत बसते. घर सोडून गेलेला तिचा नवरा परत येऊन दाराबाहेर छत्री धरून उभा राहतो, आणि आत पाऊल टाकायला त्याला पाच भाग लागतात! मंजुषा ते पाच भाग पाहून दर वेळी रडायची. भाजी करपायची, पण रडायची.

आणि आता एका मराठी चॅनलनं तिचा रिमेक काढला होता. नाव काय, तर 'रश्शात जुळल्या गाठी'!

"रश्शात गाठी झाल्या तर आम्ही रस्सा फेकून देतो!" असं मंजुषा पहिल्याच दिवशी कडाडली होती. पुढं तर रोजच कडाडायची वेळ आली. बर्फाच्या जागी थर्माकोलचे दाणे, तेही पंख्यानं उडवलेले. एक दाणा हिरोच्या नाकात गेला तरी कॅमेरा चालूच! मुळातला नवरा पाच भाग दाराबाहेर उभा राहतो, इथला दार मोडून आत येतो आणि आल्या आल्या पूजेला बसतो. कोरियातली सून मन लावून सूप ओरपते, इथल्या सुनेला सदानकदा उपास. एका थपडेला तीन बाजूंनी तीन विजा कडाडणार!

हे सगळं मंजुषानं एक वेळ पोटात घातलं असतं, पण म्हातारी नाही! चौथ्या भागात जायची ती म्हातारी दोनशे भाग झाले तरी ठणठणीत होती. वर तिला काळा चष्मा देऊन आंधळेपणाचं सोंग करायला लावलेलं. रोज रात्री आठ वाजता ती गच्चीवर जायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि सुनेविरुद्ध नवा डाव टाकायची. आणि लोकांना नेमकी तीच आवडायची!

त्या लोकांपैकी एक मंजुषाच्या घरातच होती. तिची सासू, चतुराबाई.

चतुराबाई राहायच्या कन्नडजवळच्या गावी. शेती त्यांच्या नावावर आणि कारभारही त्यांच्याच हातात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडं आल्या होत्या. डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला भलामोठा काळा चष्मा. डॉक्टरांनी चार दिवस टीव्ही बघू नका म्हटलं होतं. त्या चार दिवसांचा मंजुषानं महिना केला.

"आगं, पर डाक्टर तं चारच दिस म्हनला व्हता," चतुराबाई म्हणायच्या.

"ते लहान टीव्हीला, आत्याबाई. आपला मोठा आहे ना!"

चतुराबाई गप्प बसायच्या. मंजुषाला वाटायचं, पटलं.

तर त्या रविवारी प्रतिज्ञा झाल्यावर मंजुषानं बेत आखला. 'आपलं कोरिया'तल्या प्रत्येकीनं चॅनलला आवाजी निरोप पाठवायचा. एवढ्या बायका एकदम खवळल्या की चॅनलवाल्यांची पळता भुई थोडी होणार! नमुना अर्थातच मंजुषाचा. तिनं चतुराबाईंच्या डोळ्यांत औषध टाकलं, त्यांना खोलीत आडवं केलं, पंखा लावला, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून फोन तोंडाशी धरला.

"नमस्कार मैत्रिणींनो! 'रश्शात जुळल्या गाठी' या मालिकेबद्दल आपण सगळ्यांनी चॅनलला खडसवायचं आहे. कसं खडसवायचं, ते आता ऐका..."

नेमका तेवढ्यात फोन टुणकन वाजला. नणंदेचा निरोप! प्रेरणा, शिवराजची धाकटी बहीण, कन्नडला दिलेली. सासरच्या 'आपली माणसं' नावाच्या ग्रुपवर तिनं विचारलं होतं, "वहिनी, आईच्या डोळ्यात औषध टाकलं का?" मंजुषानं अर्धा निरोप सोडून दिला, तिकडं जाऊन "टाकलं" असं लिहिलं, आणि डोक्यात संताप उकळत असल्यामुळं परत यायचं विसरून तिथंच बोटानं माइक दाबला. पुढचं भाषण असं झालं:

"तर मुद्दा असा, की या म्हातारीचं करायचं काय? काळा चष्मा लावून बसते. म्हणे दिसत नाही! सगळं दिसतं तिला! कोण काय खातं, कोण कुठं जातं, सगळ्यावर नजर! कोरियात असती तर कधीच गेली असती, शांतपणे, झोपेत, कुणाला त्रास न देता! जाताना जे आहे ते सुनेच्या नावावर करून गेली असती! इथं मात्र ठाण मांडून बसलीये. हिच्यापायी नवराबायकोला चार शब्द बोलता येत नाहीत. बास झालं! हिला घालवा! जिन्यावरून पाडा, दुधात काहीतरी कालवा, कसंही करा, पण या आठवड्यात म्हातारी गेलीच पाहिजे! आणि हो, आधी सही घ्या, मग घालवा. नाहीतर पुढं कोर्टकचेरीत आणखी सहा महिने खातील!"

खाली तिनं लिहिलं, "ऐका, पटलं तर पुढं पाठवा. सगळ्यांनी मिळून आवाज उठवायचा!"

मग समाधानानं एक सुस्कारा टाकला, फोन चार्जिंगला लावला आणि कुरडयांचा चीक घेऊन गच्चीवर गेली. जाताना जिन्यात थोडा चीक सांडला. तो तिनं साबणानं घासून धुतला. सासूबाई उठल्यावर लागेल म्हणून पेलाभर हळदीचं दूध ओट्यावर झाकून ठेवलं होतंच. अशी कर्तव्यदक्ष सून होती हो ती!

तिकडं कन्नडला चतुराबाईंचे धाकटे भाऊ पुंजाराम मामा केशकर्तनालयात खुर्चीवर बसले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, आवाज अजून भोंग्यासारखा. एका गालाला साबण, एका गालावर वस्तरा, आणि मांडीवर फोन. त्यांनी निरोप मोठ्या आवाजात लावला. 'जिन्यावरून पाडा' पर्यंत न्हाव्याचा हात थांबला. 'आधी सही घ्या' ऐकल्यावर मामा उठले ते अर्ध्या दाढीनिशी थेट प्रेरणाच्या दारात!

प्रेरणा आधीच रडत होती. "मामा, मी वहिनीला फोन लावतेय, उचलत नाही! दादाचाही बंद!"

"कसा उचलंल? जीप काढा!"

माऊली नावाच्या जीपवाल्यानं जीप काढली. पण भरल्याशिवाय सोडायची नाही या रिवाजानुसार त्यानं अड्ड्यावरून आणखी सात जण घेतले. ते शहरात आपापल्या कामाला निघालेले. वाटेत त्यांनाही निरोप ऐकवण्यात आला. बजाजनगर येईपर्यंत त्यातल्या एकालाही आपलं काम आठवत नव्हतं.

मंजुषा गच्चीवरून खाली आली, तर अंगणात ही गर्दी! पुढं मामा. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरी दाढी.

"अगंबाई, मामा! या ना! असे अचानक?"

"अचानक?" मामा गुरगुरले. "तुझं बोलनं ऐकलं. आमी समद्यांनी ऐकलं."

मंजुषाचा चेहरा उजळला. दोन तासांत कन्नडपर्यंत पोचला आपला आवाज! याला म्हणतात चळवळ!

"ऐकलंत? खरंच? मग पटलं का तुम्हाला, मामा?"

"पटलं?" मामांनी दाराची चौकट धरली.

"म्हणजे सांगा बरं तुम्हीच, म्हातारीला घालवायला पाहिजे की नको?"

जीपमधल्या एका अनोळखी माणसानं कानाला हात लावला. "अल्ला अल्ला," तो म्हणाला. "मुँहपे बोल रही है!"

"आणि मी एकटीच नाही हं," मंजुषा उत्साहानं पुढं निघाली. "आम्ही पंधरा-वीस जणी आहोत. सगळ्यांचा एकच विचार!"

"टोळी हाय व्हय?" मामा किंचाळले.

"टोळी कसली? चांगल्या घरच्या बायका आहेत. एक तर दाताची डॉक्टर आहे! मामा, खरं सांगते, आता माझी सहनशक्ती संपली. रोज आठ वाजता ते थोबाड बघायचं म्हणजे..."

"वहिनी!" प्रेरणानं हंबरडा फोडला. "असं बोलवतं तरी कसं तुला? माझी आई आहे ती!"

"कोण तुझी आई?"

"माझी सख्खी बहीन हाय ती!" मामा गरजले. "चतुरा! कुठं ठिवली तिला? बोल, नाय तं आत्ता हर्सूलच्या जेलात धाडतो!"

 मंजुषाच्या आत्ता कुठं काहीतरी ध्यानात येऊ लागलं. तिनं धावत जाऊन फोन उचलला. 'आपलं कोरिया'वर श्रेया नावाच्या मैत्रिणीनं विचारलं होतं, "पुढचं कुठाय गं? कसं खडसवायचं?" आणि 'आपली माणसं'वर... तिचं अख्खं भाषण!

"मामा! अहो, ते आत्याबाईंबद्दल नाही! ती म्हातारी वेगळी!"

"वायली? आनखी एक म्हातारी मारती व्हय?"

"टीव्हीतली म्हातारी! कोरियातली! म्हणजे मूळची कोरियातली, आता इथली!"

"कोरियात आपलं कोन हाय?" मामांनी प्रेरणाला विचारलं. मग त्यांच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. "आत्ता उमगलं! जिमीन नावावर करून कोरियाला पळायचा बेत हाय हिचा!"

"मामा, शपथ घेते! आत्याबाई आत झोपल्यात. तुम्हीच बघा!" मंजुषानं खोलीचं दार ढकललं. पंखा गरगरत होता. पलंगावर चादरीखाली चतुराबाई भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या. "बघा! आता तरी पटलं?"

मामांनी "चतुरा, ए चतुरा," म्हणून हाक मारली. चादर हलेना. प्रेरणानं चादर ओढली.

खाली दोन उशा होत्या. एक उभी, एक आडवी!

कुणीतरी "ग्येली!" म्हणून ओरडलं. प्रेरणा मटकन खाली बसली. मंजुषाला तर आपल्याच घरात आपण चोर असल्यासारखं वाटायला लागलं. तिनं मोरी पाहिली, गॅलरी पाहिली, कपाटसुद्धा उघडलं. कपाट उघडताच मामा म्हणाले, "बघा, कपाटात कोंबायचा बी इचार क्येला व्हता हिनं!"

मग जीपमधल्या लोकांनी तपास हातात घेतला. एक जण जिन्यावरून घसरला आणि बसल्या जागेवरून ओरडला, "जिना साबनानं धुतलाय वो!" दुसऱ्याला ओट्यावर दुधाचा पेला सापडला. "पिवळं हाय! दूध पिवळं हाय!"

"हळद आहे ती!" मंजुषा ओरडली.

"मंग पिऊन दाखव!"

मंजुषानं पेला उचलला आणि संतापानं एका दमात रिकामा केला. सगळे तिच्याकडं टक लावून उभे राहिले. काही होईना, तेव्हा दोघाचौघांची जरा निराशाच झाली.

एवढ्यात शिवराज आला. कारखान्याचा निळा गणवेश, गळ्यात मशिनींच्या आवाजापायी कानात घालायच्या बोळ्यांची दोरी लोंबतेय. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला आणि निरोप ऐकून तो जेवणाचा डबा तिथंच टाकून निघाला होता.

"मंजू," तो धापा टाकत म्हणाला, "खरं सांग. आई कुठाय?"

आत्तापर्यंत मंजुषानं सगळं सोसलं होतं. मामांचं सोसलं, जीपचं सोसलं, अनोळखी माणसांनी स्वयंपाकघर हुंगलं ते सोसलं. पण हे?

"तुम्ही?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही विचारताय मला? दोन वेळा डोळ्यांत औषध टाकते मी त्यांच्या! रात्री उठून पाणी देते! सकाळी तुमच्यासमोर शपथ घेतली ना मी, रिमेक बंद पाडीन म्हणून? तेव्हा तुमचं डोकं कुठं होतं? कॉटखाली!"

शिवराज आठवू लागला. "हां, तू कशाचा तरी खून होतोय असं म्हणाली होतीस खरी..."

"झालं!" मामा म्हणाले. "साक्षीदार बी मिळाला!"

मंजुषा कपाळ बडवून घेणार, तोच बाहेरून एक आरोळी आली. दोन घरं सोडून पलीकडून. चतुराबाईंचा आवाज!

"मेली गं! मेली गं माझी बाय!"

सगळे धावले. मामा पुढं, मागं शिवराज, त्याच्या मागं अनवाणी मंजुषा, आणि शेवटी घसरलेला माणूस लंगडत. आवाज येत होता कालिंदीकाकूंच्या घरातून. कालिंदीकाकू म्हणजे निवृत्त शिक्षिका. दार उघडंच होतं.

आत भिंतभर टीव्ही. समोरच्या सोफ्यावर चतुराबाई, डोळ्यांवर काळा चष्मा, पदर तोंडाला. शेजारी कालिंदीकाकू, हातात रुमाल. टीव्हीवर त्या म्हातारीच्या फोटोला हार घातलेला, फोटोलाही काळा चष्मा, आणि भोवती थर्माकोलचं बर्फ पडतंय. रविवारचा दोन तासांचा महाएपिसोड!

"रोजच येतात हो माझ्याकडं," कालिंदीकाकू घाईघाईनं म्हणाल्या. "रात्री आठला मागच्या दारानं. मंजुषा कानात ते घालून बसलेली असते, तिला पत्ता लागत नाही. मी म्हटलं त्यांना, चष्मा मात्र काढायचा नाही!"

चतुराबाईंनी मान वळवली. काळ्या काचांतून त्यांना भाऊ दिसला. अर्धी दाढी वाढलेला, घामेघूम, डोळ्यांत पाणी.

"पुंजा! तू बी आलास?" त्यांना गहिवरून आलं. "दाढी बी अर्धीच टाकून आलास रं! इतक्या लांबून! तुला कसं कळलं, ती ग्येली म्हनून?"

 बहीण धडधाकट दिसली तसे मामा पुढं झाले. ते तिच्याजवळ टेकले, तिचा हात धरला, आणि मग त्यांचं लक्ष टीव्हीकडं गेलं.

"आँ? ही ग्येली?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "आपली म्हातारी ग्येली? कशी काय?"

"जिन्यावरून पडली," कालिंदीकाकूंनी डोळे पुसले. "त्याआधी दुधात काहीतरी कालवलं होतं म्हणे."

बिचारी मंजुषा! एवढा वेळ दारात धापा टाकत उभी होती. डोळ्यांसमोर म्हातारीचा फोटो, फोटोला हार! संताप, धावपळ, हळदीचं दूध, सगळं एकदम उफाळून आलं आणि ती दोन्ही हात वर करून ओरडली, "गेली! गेली एकदाची! सुटलो!"

 सगळ्यांनी वळून तिच्याकडं पाहिलं.

"म्हंजी..." मामा सावकाश उठले. "जिना. दूध. तू सांगितलं तसंच. चतुरा, हे ऐक!"

त्यांनी फोन काढून तो निरोप पुन्हा लावला. चतुराबाईंनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. मंजुषाला वाटलं, आता निदान सगळ्यांना कळेल की हे सासूबाईंबद्दल नव्हतं. कळलंच! पण त्याचा उपयोग झाला नाही.

"तूच व्हय!" चतुराबाई म्हणाल्या. "तूच मारायला लावलीस तिला!"

"अहो आत्याबाई, निरोप चॅनलकडं गेलाच नाही! तुमच्याकडंच आला!"

"मंग जिना कसा आला? दूध कसं आलं?"

"योगायोग हो! सगळ्या मालिकांत म्हाताऱ्या अशाच मरतात!"

"खाली लिहिलं हाय की, 'पुढं पाठवा'," मामा म्हणाले. "कन्नडमधून कुनीकुनी कुठंकुठं पाठवलं आसंल, काय ठावं? मी सवता चाळीस जनांना धाडलं!" मग त्यांना फारच भरून आलं. "आगं पोरी, स्वताच्या सासूवर राग आसता तं घरात मिटवलं आसतं. पर तू तं आख्ख्या महाराष्ट्राची सासू मारली!"

जीपमधल्या सातही जणांनी माना डोलावल्या. प्रेरणा तर खऱ्या आईसाठी रडली होती त्यापेक्षा आता जास्त रडत होती. "रोज स्वयंपाक आटपून अर्धा तास तेवढंच तर बघायचो आम्ही!"

"अगं, पण मूळ कथेत ती चौथ्याच भागात..."

"मूळ गेलं चुलीत!" शिवराज म्हणाला. हा कधीपासून बघत होता? मंजुषानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गळ्यातले बोळे कानात घालू लागला.

निवाडा कालिंदीकाकूंच्या दिवाणखान्यातच झाला. मंजुषानं चॅनलला नवा निरोप पाठवायचा, म्हातारीला परत आणा म्हणून. तिनं खूप थयथयाट केला. कोरिया, कला, मूळ कलाकृतीचा मान, सगळं बोलून पाहिलं. मामा एकच म्हणायचे, "आधी फोन घे हातात." शेवटी जीपवाला माऊली परतीची घाई करू लागला, तेव्हा तिनं दात आवळून चॅनलच्या पानावर जाऊन रेकॉर्डिंग केलं. "कृपया म्हातारीला जिवंत करा. आम्हाला ती फार आवडते." 'फार' या शब्दावर मामांनी तिला दोनदा थांबवून पुन्हा म्हणायला लावलं, मनापासून येत नव्हता म्हणून.

आणि काय सांगू! सोमवारी आठच्या ठोक्याला म्हातारी हजर! पडली होती ती तिची जुळी बहीण. खरी म्हातारी गच्चीवरच होती!

मामांचा फोन लगेच आला. "पोरी, तुझ्या शबुदाला वजन हाय! आता मालिकेतल्या त्या इन्स्पेक्टरची बदली तेवढी करून टाक." दुसऱ्या दिवशी न्हाव्याचा आला, त्याला हिरोची मिशी पसंत नव्हती. जीपमधल्या त्या घसरलेल्या माणसानंही कुठून तरी नंबर मिळवून सुनेचे उपास कमी करायला सांगितले. ही बातमी 'आपलं कोरिया'वर पोचली. श्रेयानं एकच शब्द लिहिला, "फितूर!" आणि मंजुषाला तिनंच काढलेल्या ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

मंजुषा आठवडाभर शिवराजशी बोलली नाही. तो भाजी आणायचा, बूट जागेवर ठेवायचा, तरी नाही. अखेर त्यानंच पांढरं निशाण फडकवलं. "मंजू, तुझी ती मूळची मालिका लाव. मी बघतो. आईलाही दाखवू. मग तर झालं?"

याची तर ती वाट पाहत होती! एकदा खरं सोनं दिसलं की पितळ आपोआप उघडं पडणार होतं. पुढच्या रविवारी दुपारी तिनं पडदे ओढले, मूळ मालिका हिंदीतून लावली, आणि चतुराबाईंना अगदी मधोमध बसवलं. शिवराज पहिल्या भागात झोपला. पण चतुराबाई टक लावून बघत होत्या. कोरियन म्हातारी सूप ढवळायला लागली तशा त्या पुढं सरकून बसल्या. "हात चांगला हाय बाईचा," म्हणाल्या. तिसऱ्या भागात म्हातारीनं सुनेला सूपमध्ये मुळा कधी टाकायचा ते दाखवलं, तेव्हा तर चतुराबाई चक्क हसल्या. मंजुषा मनातल्या मनात नाचत होती.

मग चौथा भाग आला. म्हातारीनं दुकान सुनेच्या नावावर केलं, दिवा मालवला आणि झोपली. खिडकीबाहेर बर्फ पडू लागलं. खरं बर्फ!

"ग्येली?" चतुराबाईंनी विचारलं.

"हो, आत्याबाई," मंजुषा डोळे पुसत म्हणाली. "बघा ना, किती शांत! किती सुंदर!"

"पुन्ना येती का?"

"नाही."

"जुळी बहीन?"

"नाही हो! इथं असलं काही नसतं!"

"मंग पुढं ऱ्हायलं कोन?"

"सून आहे ना! तिचा नवरा येतो. छत्री घेऊन उभा राहतो. बर्फात! पाच भाग!"

"तरनीताठी मान्सं व्हय?" चतुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ती तं खिडकीतून बी दिसत्यात." दाराशी थांबून त्यांनी पडद्यावरच्या त्या विझलेल्या दुकानाकडं एकदा पाहिलं. "आता कुठं वळख झाली व्हती बाईची. नावावर करून दिलं की म्हातारीचं काम संपलं म्हना तुमच्या कोरियात! आपली मान्सं येडी आसतील, पर दोनशे दिस जगवली तरी."

आणि त्या पदर सावरत कालिंदीकाकूंकडं निघून गेल्या. या वेळी पुढच्या दारानं.

मंजुषानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मुद्दे तर तिच्याकडं पोतंभर होते. कथेचा वेग, संयम, अभिनय, मूळ कलाकृतीचा मान! पण समोर ऐकायला होता फक्त घोरणारा शिवराज. ती चरफडत रिमोट शोधू लागली. पडद्यावर ती सून एकटीच सूप ढवळत होती. इतक्या वेळा पाहिलेला तो प्रसंग, पण आज पहिल्यांदाच मंजुषाला तिथं शेजारचं रिकामं स्टूल दिसलं, आणि वाटलं, चौथा भाग म्हणजे जरा घाईच झाली नाही का? निदान सहाव्यापर्यंत तरी...

हे मात्र तिनं अजून कुणालाही सांगितलेलं नाही. शिवराजलासुद्धा!